आलापल्लीचे पान किती दिवसांचे?

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात एक नियम हमखास भेटतो: ऊन कडक आणि पाणी कमी, तर पाने लहान. बाभळीकडे पाहिले की तो पटतोही. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या जंगलात मात्र तो अडखळतो. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे ही आता बातमी राहिलेली नाही, आणि गडचिरोलीचा दक्षिण भागही काही थंड हवेचा नाही. तरी इथल्या सागाचे पान हातभर लांब. रोपट्याचे किंवा तोडलेल्या बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्याचे तर त्याहून मोठे. उलट महाबळेश्वरला आलापल्लीच्या जवळपास चौपट पाऊस पडतो, पण तिथल्या अंजनीचे पान जेमतेम बोटभर, जाड आणि चिवट.

हे कोडे सुटते ते पानाची लांबी-रुंदी बाजूला ठेवून त्याचे आयुष्य विचारले की. सागाला हे पान मे महिन्यात वापरायचेच नसते. पावसाच्या तोंडावर ते फुटते, पावसाळाभर काम करते, थंडीत पिवळे पडते आणि उन्हाळा लागण्याआधी किंवा लागता लागता जमिनीवर येते. अंजनीला तेच पान मुसळधार पावसात, वाऱ्यात आणि त्यानंतरच्या सात-आठ कोरड्या महिन्यांतही झाडावर टिकवायचे असते. सागाचे पान म्हणजे लग्नाचा मांडव आणि अंजनीचे पान म्हणजे राहते घर. मांडव ऐसपैस घातला तरी परवडतो.

जंगलांचे प्रकार आपण पावसावरून आणि मुख्य झाडावरून पाडतो. सदाहरित, निमसदाहरित, आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी, काटेरी. चॅम्पियन आणि सेठ यांनी १९६८ साली भारतातल्या वनांचे जे १६ मुख्य गट ठरवले, तेच वनखाते आजही वापरते. कामापुरती ती विभागणी उत्तम आहे. पण पानांवर गेल्या काही दशकांत झालेले संशोधन वाचून माझे असे मत झाले आहे की निदान आपल्या मोसमी मुलखात तरी आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: इथली झाडे आपले पान किती दिवस वापरतात, आणि वर्षातले कोणते दिवस? आकार, जाडी, रंग, चव ही बरीचशी त्यामागून येतात.

या शास्त्राची सुरुवात पानाच्या बाह्यरूपापासून झाली. १९१५-१६ मध्ये बेली आणि सिनट या अमेरिकी अभ्यासकांनी दाखवून दिले की प्रदेश जितका उष्ण, तितकी तिथल्या झाडांत अखंड कडेची पाने जास्त. दातेरी पाने थंड प्रदेशात वाढतात. आलापल्लीत हे उभ्या उभ्या तपासता येते. ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिबळा, पळस, करंज, जांभूळ, सगळ्यांच्या कडा सरळ. दातेरी कडेसाठी कुंभी किंवा सालईकडे जावे लागते. डेन्मार्कच्या राउंकिएर यांनी पानांच्या क्षेत्रफळावरून वर्ग पाडले आणि पुढची कित्येक वर्षे जगभरच्या जंगलांची तुलना त्या वर्गांवर चालली.

खरे वळण २००४ साली आले. इयान राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींच्या पानांची मोजमापे एकत्र मांडली. त्यात मध्यवर्ती माप होते ते पानाच्या दर चौरस मीटर क्षेत्रफळाला किती ग्रॅम कोरडा माल लागतो, याचे. हा आकडा जातीजातींत सुमारे १४ ग्रॅमपासून दीड हजार ग्रॅमपर्यंत बदलतो. पानाचे आयुष्यही महिन्याहून कमी ते दोन तपांपर्यंत. आणि ही दोन मापे एकमेकांना बांधलेली निघाली. पातळ, स्वस्तात बनलेले पान नत्राने भरलेले असते, भराभर अन्न तयार करते आणि लवकर मरते. जाड पान हळू कमावते, पण दीर्घकाळ. दोन्हींचे फायदे एकत्र घेणारे पान सापडत नाही. झाडाला या रेषेवर कुठेतरी एक जागा निवडावीच लागते.

या अभ्यासातली दुसरी गोष्ट तेवढीच महत्त्वाची, पण तिची चर्चा कमी होते. पानांचे हे गुण हवामानानुसार बदलतात खरे, पण अपेक्षेपेक्षा कमी. एकाच ठिकाणी शेजारी शेजारी उभ्या असलेल्या जातींत जो फरक असतो, तो दोन हवामानांतल्या सरासरी फरकापुढे मोठा ठरू शकतो. म्हणून ‘पानझडी जंगलाचे पान’ असे एकच पान मनाशी धरले की घोटाळा होतो.

पानाच्या आकाराचा प्रश्न राइट यांनीच २०१७ मध्ये पुन्हा हाती घेतला, या वेळी ७,६७० जाती घेऊन. मोठ्या पानाला दोन शत्रू असतात असे त्यातून पुढे आले. दिवसा ते तापते, कारण रुंद पानाला हवेचा स्थिर थर बिलगून राहतो आणि उष्णता लवकर निघत नाही. रात्री त्याच कारणाने ते आजूबाजूच्या हवेपेक्षा जास्त थंड पडू शकते. दिवसाच्या तापण्यावर उपाय एकच, पानातून पाणी बाष्प करून सोडत राहणे. जुलै-ऑगस्टमधल्या आलापल्लीत पाण्याची ददात नसते आणि तिथे हिमकण पडणारी थंडीही नसते. सागाच्या हातभर पानाचा हिशेब इथे पुरा जमतो. हेच पान एप्रिलमध्ये झाडावर राहिले असते तर करपले असते. झाड ते आधीच टाकते, आणि टाकण्यापूर्वी त्यातले नत्र आणि स्फुरद साधारण निम्मे परत खोडात ओढून घेते.

आता आलापल्लीकडे नीट पाहू. भामरागडच्या रस्त्याला ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा सहा हेक्टरचा तुकडा आहे. जुना, न तोडलेला साग आणि त्याच्या सोबतची झाडे तिथे राखली आहेत. २०१४ साली जैविक विविधता कायद्याखाली त्याला वारसास्थळाचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रातले असे ते पहिले स्थळ. पर्यटक तिथे जातो तो सागाच्या उंचीसाठी. माझी विनंती आहे की मान वर करण्याआधी एकदा खाली, पाचोळ्याकडेही पाहावे. कारण आर्द्र आणि शुष्क पानझडी हे दोन्ही प्रकार या मुलखात एकमेकांत मिसळतात, नाल्याकाठी सदाहरित झाडांची रांग लागते, आणि पानांचे आयुष्य मोजायचे तर एकाच फेरीत चार-पाच तऱ्हा सापडतात.

पहिली तऱ्हा सालई आणि मोई यांची. उतारावर, मुरमाड जमिनीत ही झाडे लवकर निष्पर्ण होतात आणि महिनोन्‌महिने तशीच उभी राहतात. लाकूड मऊ, खोडात पाण्याचा साठा, पान पातळ आणि लहान पर्णिकांत वाटलेले. दुसरी तऱ्हा साग, धावडा, ऐन यांची. धावड्याची पाने थंडीत लालसर होऊन झडतात. ऐन जरा उशिरापर्यंत धरून ठेवतो. तिसरी पळस आणि मोहाची. पळस निष्पर्ण फांद्यांवर फुलतो आणि मोहाची फुले गळता गळता तांबूस पालवी येते. चौथी कुसुमाची. मार्चमध्ये सगळे रान करडे झालेले असताना कुसुम लालभडक कोवळ्या पानांनी भरतो. आणि पाचवी नाल्याकाठच्या जांभळाची. जुने पान जाईपर्यंत नवे आलेले असते, झाड कधी उघडे पडत नाही.

बनारस हिंदू विद्यापीठाच्या कुशवाहा आणि सिंग यांनी विंध्य भागातल्या शुष्क जंगलात हीच मांडणी काटेकोरपणे केली आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात झाडांचे गट ‘किती महिने पानाविना’ यावर पाडले आहेत: पाने नुसती बदलणारी, दोन महिन्यांहून कमी काळ उघडी राहणारी, दोन ते चार महिने, आणि चार महिन्यांहून जास्त. एकाच जंगलात, एकाच पावसाखाली हे चारही गट नांदतात. ‘पानझडी’ या एका शब्दात आपण केवढे कोंबतो ते यावरून कळावे.

यात सर्वांत चकवणारी गोष्ट कुसुम, पळस आणि मोह करतात. पाऊस यायला दोन-तीन महिने असताना, ऐन कोरड्या दिवसांत ते नवी पाने काढतात. थायलंडमध्ये काम करणारे स्टीफन एलियट आणि त्यांचे सहकारी बेकर व बोर्शर्ट यांनी २००६ मध्ये या वर्तनाला आशियाई मोसमी जंगलांचा विरोधाभास म्हटले. त्यांचे स्पष्टीकरण असे की या झाडांना पावसाची वाट पाहावी लागत नाही, लांबत जाणारा दिवस त्यांना इशारा देतो. मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत गेलेली असतात. आणि पाऊस पडेपर्यंत पान पक्के झालेले असले तर पावसाळ्याचा पहिला दिवसही वाया जात नाही. शिवाय किडींची झुंबड पावसाबरोबर येते, तोपर्यंत पान कोवळे राहिलेले नसते. हे शेवटचे कारण मला फार पटते, कारण सागाचे काय होते ते आपण दरवर्षी पाहतो. पावसाच्या सुरुवातीला त्याची कोवळी पाने एक अळी फस्त करते, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात दुसरी अळी शिरा तेवढ्या ठेवून पानाची जाळी करते. सागाचे पान स्वस्त असल्याचे हे दुसरे टोक. जे पान सहा-आठ महिन्यांत टाकायचे, त्याच्या बचावावर झाड फार खर्च करत नाही.

त्याच्या अगदी उलट गराडी. मध्यम उंचीचे, गोलसर छोट्या पानांचे हे झाड या भागात जागोजाग दिसते. पान जहाल विषारी, गुरे त्याला तोंड लावत नाहीत. चराईने झोडपलेल्या रानात इतर झाडे मागे हटतात आणि गराडी पसरते. पानाच्या रसायनशास्त्रावरून जंगलाचा पोत बदलतो, याचे याहून सोपे उदाहरण मला माहीत नाही.

पानाच्या वयाचे आणि जाडीचे ज्ञान इथल्या माणसाला पुस्तकाआधीच आहे. तेंदू घ्या. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झुडपे जमिनीलगत छाटतात. मुळांतल्या साठ्यावर नवे धुमारे येतात आणि साधारण दीड महिन्यात पान तोडणीला येते. मे महिन्यातल्या थोड्या दिवसांत सगळा हंगाम उरकतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. आता यातले प्रत्येक पान कसे हवे? वाढ पुरी झालेले, पण अजून न कडक झालेले. लवचीक, पातळ, शिरा न टोचणारे. लाल कोवळे पान फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, चालत नाही आणि जून झालेले पान वळताना तुटते. तेच पान झाडावर राहिले तर पुढे जाड आणि चामड्यासारखे होते. मोठ्या झाडाचे पान आणि छाटलेल्या झुडपाचे पान यांतही फरक पडतो, जात तीच असली तरी. शास्त्रज्ञ ज्याला दर चौरस मीटरचे वजन म्हणतात, ते तोडणारी बाई बोटाने मोजते. गडचिरोलीतल्या कित्येक ग्रामसभांना वनहक्क कायद्यानंतर या पानाच्या विक्रीचा अधिकार मिळाला. सामूहिक वनहक्काची सुरुवात २००९ साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने केली. पानाच्या एका गुणावर इतकी मोठी हंगामी अर्थव्यवस्था उभी आहे.

टसरचेही तसेच. आरमोरीच्या बाजूची ढिवर कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवतात. अळी लहान असताना कोवळा पाला लागतो, मोठी झाली की जून पानही चालते. पीक पावसाळ्यापासून थंडीच्या तोंडापर्यंत घेतात, म्हणजे ऐनाचे पान अंगावर असते तोवरच.

महाराष्ट्रातल्या बाकीच्या वनप्रकारांवरून थोडक्यात जातो. सोलापूरकडच्या काटेरी माळावर बाभूळ, हिवर यांची पाने इतक्या बारीक पर्णिकांत तुटलेली असतात की वारा लागताच उष्णता निघून जाते. नेपतीने तर पानाचा नादच सोडला आहे, हिरव्या फांद्यांवर भागवते. खाडीकाठच्या तिवरात पान जाड होते ते पाणी असूनही, कारण ते पाणी खारे. जादा मीठ पानातूनच बाहेर टाकले जाते. ताडोबा हा आलापल्लीचा कोरडा शेजारी. साग, बांबू, ऐन तेच, पण उंची कमी आणि पानगळ लवकर. सह्याद्रीच्या माथ्यावरची जांभूळ-अंजनी-पिसा ही त्रयी जाड, चकचकीत, दीर्घायुषी पानांची.

सह्याद्रीतून आलेला एक अभ्यास आलापल्लीसाठी मोलाचा आहे. पुण्याच्या आयसरमधील दीपक बरुआ यांच्या गटाने उत्तर पश्चिम घाटातल्या ४१ जातींची पाने किती तापमान सोसू शकतात ते मोजले. तो निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की जाड, हळू कमावणारी पाने जास्त उष्णता सोसतात आणि पातळ, चपळ पाने कमी. आता हे आलापल्लीला लावून पाहा. सागाचे पातळ पान कडक उन्हाळा टाळते, सोसत नाही. मग उन्हाळा लांबला, पाऊस जूनच्या शेवटापर्यंत आलाच नाही आणि वळिवाच्या सरींनी सागाला आधीच पालवी फुटलेली असली, तर धोका कोणाला? टाळणाऱ्याला. जांभूळ किंवा तेंदू यांना त्या मानाने कमी. हा माझा तर्क आहे, पण मोजून तपासता येण्यासारखा आहे.

इथे एकसुरी सागाच्या लागवडीचा विषय टाळता येत नाही. इंग्रजी अमलापासून या भागातल्या वनव्यवस्थापनाचे लक्ष इमारती लाकडाकडे राहिले आणि ‘आलापल्ली म्हणजे साग’ हे समीकरण घट्ट झाले. लाकडाच्या दर्जाबद्दल वाद नाही. पण पानांच्या बाजूने पाहिले तर निव्वळ सागाची लागवड म्हणजे पाच तऱ्हांपैकी एकच ठेवणे. तिचे परिणाम जमिनीवर दिसतात. सागाच्या रुंद पानावर पावसाचे थेंब एकत्र येतात आणि मोठे होऊन उंचावरून आदळतात. खाली झुडूप-गवत नसेल तर माती उघडी पडून वाहते. मिश्र जंगलात तोच थेंब वाटेत चार पानांवर फुटतो. वणव्याचेही असेच. सागाचे मोठे पान वाळताना गुंडाळते, त्याचा पाचोळा पोकळ, हवा खेळती राहणारा होतो आणि आग सरसर पुढे सरकते. आवळ्याची बारीक पाने किंवा सालईच्या पर्णिका जमिनीला घट्ट बसतात. मार्चपासून जेव्हा सगळा साग एकदम उघडा असतो, तेव्हा कुसुम-जांभळाची सावलीही तिथे नसते. लाकूड वाढवायचे म्हणून लागवड करावी, पण तिला जंगल म्हणून मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थोडे विषयांतर करतो. पानगळ हा काही या मुलखात सागाने आणलेला रिवाज नाही. बल्लारपूर-चंद्रपूरच्या खाणींतला दगडी कोळसा पर्मियन युगातला, म्हणजे पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीचा. त्या काळच्या दलदलीत ग्लॉसोप्टेरिस नावाची, जिभेच्या आकाराच्या पानांची झाडे होती, आणि त्यांच्या पानांचे थरच्या थर दगडांत सापडतात. हा भूभाग तेव्हा खूप दक्षिणेला होता. तिथली झाडे पाने टाकत ती लांबलचक अंधाऱ्या हिवाळ्यामुळे, असे अभ्यासक मानतात. आजचा साग टाकतो तो कोरडेपणामुळे. कारण वेगळे, हिशेब तोच: कमाई नसलेल्या दिवसांत पान पोसायचे नाही.

या सगळ्या आढाव्यातून आलापल्लीपुरते एक काम निघते, आणि त्याला फारसा पैसा लागत नाही. पानाचे क्षेत्रफळ आलेखाच्या कागदावर काढता येते. मग पान ७० अंशांच्या भट्टीत तीन दिवस वाळवून तराजूवर ठेवायचे. पद्धत जगभर ठरलेली आहे: उन्हातले, पूर्ण वाढलेले, किडीने न खाल्लेले पान, आणि दर जातीची अनेक झाडे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, अहेरी-आलापल्लीच्या परिसरात विज्ञान शिकणारी मुले आहेत, आणि कोणते पान कधी येते-जाते हे तोंडपाठ असणारी गावे आहेत. वारसास्थळातला साग, शेजारच्या लागवडीतला साग, उतारावरची सालई आणि नाल्याकाठचे जांभूळ अशा चार ठिकाणी खुणा केलेल्या झाडांची पालवी आणि पानगळ दर पंधरवड्याला टिपली, तर पाच-सहा वर्षांत जंगल-प्रकाराच्या नकाशापेक्षा उपयोगी असे काहीतरी हाती येईल. वारसास्थळात पान तोडण्यापूर्वी रीतसर परवानगी घ्यावी. इतर ठिकाणी ग्रामसभेला विचारावे, तिचा तो हक्क आहे. सागाची पाने अळीने जाळी करण्याआधी, जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला गोळा करावीत. तेंदूची मात्र दोनदा, एकदा मे महिन्यात फळी सुरू असताना आणि पुन्हा ऑक्टोबरात.